विजयलक्ष्मीची खोली

सुनेचं आषाढातलं कार्ड अजून उत्तरावाचून पडलं होतं, आणि नवरात्र तोंडावर आलेलं असताना मी एक बाबागाडी जिन्यावरून खाली उतरवत होतो. कार्डात दोन-तीनच ओळी होत्या. ‘मामंजींना साष्टांग नमस्कार. नवरात्रात तिकडे यावं असं आम्हां दोघांच्या मनात आहे. माझ्या खोलीतलं सामान तेवढं काढाल कां? तिथं निजायला जागा नाही. – विजया.’

जागा नव्हती हे खरंच होतं. ती मी भरली होती.

माझ्या मुलाच्या, राजगोपालच्या, लग्नानंतर एकदा मूर मार्केटात जुनी पुस्तकं बघायला गेलो आणि पांगुळगाडा घेऊन परतलो. सगळा जन्म ग्रंथालयात गेलेल्या माणसाला जुन्या वस्तूंचा मोह. शिवाय मनाशी एक शास्त्रही होतं. आमच्यात बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत, धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या मुलाचं मागून आणतात. मग जुना पांगुळगाडा शुभच की. मूल होण्याआधी घरात काही आणू नये, हेही त्याच शास्त्रात होतं. ते मी सोयीनं विसरलो. पुढे पितळी साखळ्यांचा पाळणा आला. बोंडलं, खुळखुळा, टोपडी आली. देश सोडून गेलेल्या कुठल्याशा गोऱ्या कुटुंबाची ही बाबागाडी आली. दर वेळी विजया म्हणायची, “छान आहे, मामंजी.” आणि रोज सगळं पुसून ठेवायची. तिला आवडतं, असं मी धरून चाललो.

मग राजगोपालनं तांबरमला वेगळं बिऱ्हाड केलं. ऑफिस जवळ पडतं, म्हणाला. मी मान हलवली.

खालच्या बिऱ्हाडात सकवारबाईंची लेक कामाक्षी बाळंतपणाला आली होती. सामान तिला द्यावं, म्हणजे विजयाला पत्रात काही चांगलं लिहिता येईल, असा माझा बेत होता.

“हे काय रावजी, हवा खायला निघालांत कां गाडीतनं?” सकवारबाई हसल्या.

“कामाक्षीला आणलीय. वर पाळणाही आहे. सागवानी.”

त्यांचं हसू तिथंच थांबलं. कामाक्षी दारापाशी येत होती. “आत जा गं तू,” त्या म्हणाल्या, “दूध बघ, उतू जाईल.” ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. “नको हो. तिच्या सासरचा पाळणा येतोय तंजावरहून.”

“मग ही गाडी तरी…”

“रावजी, तुम्ही एवढं वाचलेलं माणूस. मी काय सांगू? ज्या पाळण्यात पोर निजलं तो आम्ही पाया पडून मागून नेऊ. तुमचा इतकी वर्षं रिता लोंबतोय.”

“पण पूर्वी त्यात कुणाची तरी मुलं…”

“बाजारातली पोरं कुणी बघितली?” मग त्या जरा मऊ झाल्या. “राग मानू नका. तुमची सून गच्चीवर वडाम-पापड वाळत घालायला यायची, ती येईनाशी झाली. बायका विचारायच्या ना, आज सासऱ्यानं काय आणलं म्हणून. एकदा मीच विचारलं. हसायला.”

मी गाडीचा दांडा धरून उभा राहिलो. पुन्हा वर न्यावी की रस्त्यावर, ते कळेना. आतून कामाक्षी बघत होती, आणि तिनं माझ्याकडे बघू नये असं मला वाटत होतं. विजयाला असं किती वेळा वाटलं असेल?

दुपारी हातगाडी केली आणि सगळं जिथून आणलं तिथं नेलं. व्यंकट दुकानदारानं मला लगेच ओळखलं.

“वांग रायर, या या. पेरन मोठा झाला वाटतं?”

पेरन म्हणजे नातू. हातगाडीवाला ऐकत होता. “हो,” मी म्हणालो. “झाला मोठा.”

“नाव काय ठेवलंत?”

मी नावही सांगितलं. “रामस्वामी.” माझ्या वडिलांचं.

“नल्ला पेर. चांगलं नाव.” त्यानं ढिगातून खुळखुळा काढून माझ्या हातात ठेवला. “हा न्या परत. आठवणीला असावा.”

नको म्हणायला मला जमलं नाही. बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला तो वाजायचा. मी मुठीत दाबून धरला. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर टक लावून बघत होतं. उतरताना त्याच्या हातात दिला. त्यानं तो सरळ तोंडात घातला. बाई हसली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. दोन पानं क्षमा मागितली, कारणं दिली. वाचून बघितलं तर त्यात सारखा मीच होतो, आणि वाचणारीनं माझी समजूत घालावी असा सूर होता. पानं फाडली. कार्ड घेतलं.

‘चि. सौ. विजयलक्ष्मीस आशीर्वाद. सामान काढलं. ते आणायलाच नको होतं, हे मला फार उशिरा कळलं. आता दारापासून खिडकीपर्यंत सरळ जाता येतं. यावंसं वाटलं तर ये. आली नाहीस तरी खोली तुझीच. तिथं मी पुस्तकंसुद्धा ठेवणार नाही.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडाशी कार्ड जरा अडकलं. मी बोटानं आत ढकललं.