गाणं थांबलं की मागे

हापशाचा दांडा खाली-वर करून झेलिपाचे खांदे भरून आले, पण आतून नुसतं खोकल्यासारखं येत होतं. दुरुस्तीवाला आजही फिरकला नव्हता. उद्या म्हणायला त्याच्या तोंडाला काय होतंय! झेलिपाचा राग निघाला तो तिसाउकेवर. दोघींची मैत्री लग्नाआधीपासूनची. तिसाउके रांगेत उभी राहून पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. झेलिपा सगळ्या बायांदेखत म्हणाली, "तुझ्या देवाला आधी पाना धरायला शिकव, मग हाका मार." बाया हसल्या. तिसाउकेनं रिकामी बादली उचलली आणि घर गाठलं.

जीभ सैल सुटली की पुढं पाय भोगतात. दिवस कलला तरी झेलिपाच्या घरात थेंब नव्हता. सून बाळंतीण, बाळाची दुपटी तशीच पडलेली, न्शिमाच्या घट्ट उकडीसाठी काढलेलं मक्याचं पीठ कोरडंच. राहता राहिली नदी, मगरींनी भरलेली लुआंग्वा.

लुआंग्वाच्या काठावर बायांची रीत आहे. पाण्याला एकटीनं जायचं नाही. एकीनं वाकून भरायचं. दुसरीनं मागून तिच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं, चितेंग्याचं टोक मुठीत धरायचं, नजर पाण्यावर ठेवायची आणि देवाचं गाणं म्हणायचं. गाणं चालू आहे तोवर भरणारीनं मान वर करायची नाही. थांबलं की मागे उडी. गेल्या उन्हाळ्यात गावातली मातेलिया एकटी गेली. तिची बादली तेवढी मिळाली.

पण कुणाच्या दारात जाऊन 'चल गं' म्हणणं झेलिपाला जन्मात जमलं नव्हतं. तिसाउकेच्या दारावरून ती मान ताठ ठेवून गेली. बादली मात्र जरा वाजवली.

घाटावर चिटपाखरू नव्हतं. मगरी अडवायला पाण्यात रोवलेल्या खुंटांपैकी दोन खुंट वाहून गेले होते. त्या फटीत पाणी नुसतं काळं दिसत होतं, हलत नव्हतं. झेलिपानं लांब काठीला बांधलेला पोकळ भोपळा बुडवला आणि लगेच वर पाहिलं. पुन्हा बुडवला, पुन्हा पाहिलं. घाईत निम्मं पाणी सांडत होतं. गाणं म्हणून पाहिलं. दुसरी ओळ आठवेना.

तेवढ्यात कमरेला हिसका बसला. मग मागून घोगरा, बेसूर आवाज आला. तिसाउकेचाच. चितेंग्याला पीळ देत ती गात होती. झेलिपा वाकली. आता वर बघायचं नव्हतं. सगळा जीव दुसरीच्या गळ्यात ठेवून ती भोपळ्यामागून भोपळा भरत राहिली.

शब्द अर्ध्यावर तुटला.

झेलिपा मागे उडाली ती तिसाउकेच्या अंगावरच. काठी कडाडून मोडली, पाण्याचा फटकारा तोंडावर आला. फटीत दोन डोळे दिसले आणि बुडाले. दोघी चिखलात धापा टाकत पडून राहिल्या. बादली कलंडली होती, निम्मं पाणी उरलं होतं.

"रागावली होतीस ना?" झेलिपानं विचारलं.

"अजून आहेच."

"मग आलीस कशाला?"

"देवाला पाना धरता येत नाही. चितेंगं धरायला मला धाडलं असेल."

झेलिपा चिखलातून उठली. तिसाउकेची बादली अजून रिकामीच होती. दोघी वरच्या बाजूला, खडकाजवळच्या उथळ पाण्याशी गेल्या. तिसाउके बादली घेऊन वाकली. आता धरायची पाळी झेलिपाची.

तिनं चितेंग्याचं टोक मनगटाला दोनदा गुंडाळलं आणि गायला सुरुवात केली. देवाकडे तिनं आजवर हुकूम सोडल्यासारखं मागितलं होतं. आज एवढंच मागितलं, हे गाणं मध्येच थांबायची वेळ आणू नकोस. आठवेना तिथं पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. खाली तिसाउकेनं मान वर केली नाही. झेलिपानंही पाण्यावरची नजर काढली नाही.

बादली भरली, चढण चढून झाली, गावाचा धूर दिसू लागला. तरी झेलिपा गातच होती, आणि टोक तिनं सोडलं नव्हतं.