पूजेतले पाने

सारोळ्याचा हनुमंत मेस्त्री आमच्या पिकअपखाली शिरला, तेव्हा माझी बायको जमिनीला गाल टेकवून खाली बघत होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण नूतनने माझ्याकडे इतकं वाकून कधी बघितलं नव्हतं.

गाडीच्या ऑइल चेंबरमधून तेल गळत होतं. बंद गाडीची खंडेनवमीला पूजा करणं आईला पटेना, म्हणून हनुमंत सणाच्या दिवशी पहाटेच मार्गासनीला आला. चेंबर काढायचं तर आधी क्रॉस मेंबर, म्हणजे इंजिनाला खालून तोलून धरणारा आडवा लोखंडी बार, उतरवायला लागणार होता. मग इंजिन कशावर राहणार, असं नूतनने विचारलं. मी म्हणालो, देवावर. ती हसली नाही. हनुमंत म्हणाला, "साखळीवर, वहिनी." ती हसली. यात विनोद कुठं होता ते मला अजून कळलेलं नाही.

त्याने जांभळाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन टांगलं. मग तो खालून चौदाचा पाना मागायचा आणि नूतन बरोबर चौदाचाच द्यायची. मी जेवताना मीठ मागितलं तर ती म्हणते, पुढ्यातच आहे.

क्रॉस मेंबर निघाला. हनुमंत हात धुवायला गेला आणि आईने पूजा मांडली. विळा, कोयता, फावडं, तराजू. क्रॉस मेंबरही गाडीचाच, म्हणून त्याला वेगळा पाट मिळाला. आमच्याकडे पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, त्या दिवशी भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवतात. मी हनुमंताचे सगळे पाने उचलले, तराजूशेजारी ओळीने मांडले आणि वर झेंडूही वाहिला. हिशोब सरळ होता. पाने नाहीत तर काम नाही, काम नाही तर हनुमंत नाही.

लटकणारं इंजिन मी हिशोबात धरलं नव्हतं. ते तसंच सोडून मी कसा जाऊ, असं तो म्हणाला. आईला एवढंच पाहिजे होतं. "जायचं कशाला, हणमंता? सणाचं जेव आन राहा हितंच."

म्हणजे अर्ध्या दिवसाचा मेस्त्री मी स्वतःच्या हाताने मुक्कामी करून घेतला. त्याने पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. कामच नसल्यामुळे नूतनला शिकवायला त्याला अख्खी दुपार मोकळी होती. संध्याकाळी तिने दारात पिकअपच्या चासीची रांगोळी काढली, क्रॉस मेंबर लाल रंगात. शेजारच्या बाळाबाईंनी हा कुठला देव म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नमस्कार केला.

दसऱ्याला सकाळी पूजा झाल्यावर आईने पाने मोकळे केले. हनुमंताने चेंबर काढलं आणि नवं पॅकिंग टाकून परत बसवलं. राहिला क्रॉस मेंबर. मी लांब उभा होतो, कामात असल्यासारखा. नूतन माझ्याजवळ आली.

"पाने पूजेत तुमीच ठेवले. म्या बघितलं."

मी म्हणालो, रीत आहे.

"रीत व्हय? पाबे घाटात गाडी बंद पडली तवा तुमी बोनेटवर हात ठिवून तासभर उभे. जसं काय तिला ताप आलाय. आन म्या शेजारी. परत तसं उभं राहायचं न्हाई मला."

एवढं बोलून तिने गाडीखाली पोतं अंथरलं, तीन बोट जागा सोडून दुसरं अंथरलं, आणि म्हणाली, "या."

मी शिरलो. खाली तेलाचा वास होता, आणि तिने केसात माळलेल्या झेंडूचा. क्रॉस मेंबर पेलताना तो माझ्या छातीवर आला तेव्हा मी ओरडलो नाही, याची नोंद कुणीच घेतली नाही. तिने माझं बोट धरून भोकाशी नेलं आणि बोल्टचे आटे कसे लागतात ते दाखवलं. समजावताना ती शब्दाशब्दाला हनुमंतासारखी बोलत होती. ते मला लागलं, पण बोट तिच्या हातात होतं म्हणून मी विषय काढला नाही.

बाहेर आईने हनुमंताला चहा दिला होता. तो कप धरून सारखा वाकून बघत होता.

"वहिनी, तेवढा डावीकडचा मी आवळतो की."

"तुमी चहा घ्या," नूतन म्हणाली.

थोड्या वेळाने त्याने परत विचारलं. या वेळी ती माझ्या नाकावरचं ग्रीस पुसत होती. हनुमंताच्या चहावर साय धरली होती.