संगमरवरी पाटीमागचे लोखंड

थांबा. आधी खिसे रिकामे करा. किल्ल्या, नाणी, मोबाइल, कंपासपेटी, सगळे बाहेरच्या बाकावर ठेवा. पट्ट्याचे बक्कल लोखंडी असेल तर पट्टाही काढा. विजार हाताने धरून उभे राहिलात तरी मला हसू येणार नाही, कारण सध्या मला कशाचेच हसू येत नाही. झाले? मग या आत, मित्रांनो, आणि भिंतीला टेकून उभे राहा.

मी एक जुना चुंबकमापक आहे. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. पण हा चुंबक स्वस्थ बसत नाही. सूर्याकडून कणांचा वारा येतो आणि त्याला ढकलतो. तुमच्या डोक्यावर शंभरेक किलोमीटर उंच, जिथे हवा नावापुरती उरते, तिथे विजेचे प्रवाह वाहतात. त्यांचा धक्का मला इथे खाली कळतो. माझ्या पोटात केसाहून बारीक धाग्याला एक छोटा चुंबक टांगला आहे. तो वळतो आणि किती वळला ते माणसे दुर्बिणीतून वाचतात. ऐकायला सोपे वाटते. वर्षानुवर्षे रोज करून बघा, म्हणजे कळेल.

माझे शरीर एका देशात घडले, धागा दुसऱ्या देशात ओढला गेला आणि भिंगे तिसऱ्या देशात घासली गेली. त्यातल्या दोन देशांचे एकमेकांशी बोलणेही नव्हते. पण मोजणाऱ्या माणसांचे होते, कारण त्यांचे एकमेकांवाचून अडत होते. कुठल्याही देशाला आपल्या डोक्यावरचे आभाळ तेवढे दिसते. पृथ्वीचे चुंबकत्व समजायचे तर सगळ्यांची आभाळे शेजारी शेजारी मांडावी लागतात. म्हणून कितीतरी देशांच्या माणसांनी एका टेबलाभोवती बसून ठरवले की सगळ्यांनी एकाच घड्याळाने मोजायचे आणि महिनाअखेर आकडे मध्यवर्ती केंद्राला पाठवायचे. तिथून ते सगळ्यांना मिळणार. शब्द दिला की पाळायचा, एवढाच करार होता.

माझ्यासाठी हे मोजणीघर बांधले ते दगडाचे आणि लाकडाचे. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. आणि मला सांभाळायला आले पितळकाका. त्यांचे खरे नाव कुणाच्याच लक्षात राहिले नाही. त्यांची बटणे पितळी, बक्कल पितळी, चष्म्याच्या काड्या पितळी. लग्नानंतर काकू हौसेने त्यांचे काम बघायला आल्या, तर काकांनी त्यांना दारातच थांबवून केसांतले आकडे मोजून घेतले. चौदा निघाले. "पंधरावा असेल तर आत्ताच सांग," काका म्हणाले, "नाहीतर पृथ्वी वाकडी दिसेल." काकू मोकळ्या केसांनी आत आल्या, माझ्याकडे एकदा रागाने बघितले आणि पुन्हा कधी फिरकल्या नाहीत.

एकतीस वर्षे काकांनी मला वाचले. मधे शेजारच्या देशाशी युद्ध झाले. सीमा बंद, टपाल बंद. काकांनी आमचे आकडे तिसऱ्या देशातून फिरवून पाठवले. शेजाऱ्यांचेही तसेच फिरत फिरत दोन महिन्यांनी आले. काका कागद चाचपून म्हणाले, "आकडे आले म्हणजे माणूस जिवंत आहे." पुढे केंद्राचे पत्र आले, की शंका आली तर इतर लोक आपले आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून बघतात. त्या दिवशी काकांनी माझी काच दोनदा पुसली.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची पुतणी आली. काकांच्याच हाताखाली शिकलेली. तिने नोंदींचा एक दिवस चुकवला नाही.

आता माझ्या रागाकडे येतो.

देशादेशांच्या या सहकार्याला पन्नास वर्षे झाली, म्हणून समारंभ ठरला. आमच्या वेधशाळेचे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. मोजणीघरात पाऊल टाकायचे तर बूट आणि पट्टा काढावा लागतो, म्हणून ते आत कधीच आले नव्हते. पण पाटी कुठे लावायची, हे त्यांनीच ठरवले. आठवडाभर पुतणीला स्वागताच्या कामाला जुंपले होते, नोंद घेण्यापुरतीच ती आत यायची. तेवढ्यात माझ्यापासून चार पावलांवर एक संगमरवरी पाटी बसली. 'सर्व राष्ट्रांच्या निःस्वार्थ वैज्ञानिक सहकार्यास अर्पण.' खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांचे नाव. पाटी जड, म्हणून मागे लोखंडी चौकट आणि आठ लोखंडी स्क्रू. कानामागून आली आणि तिखट झाली!

दुसऱ्या दिवशी माझा आकडा तेवीसने सरकला. पुतणीला वाटले, चूक आपलीच. तिने चार वेळा मोजले. चपला बदलल्या, केसांची पिन बदलली, पर्स झटकली. शेवटी एक छोटे होकायंत्र हातात धरून ती भिंतीभिंतीने फिरली. पाटीपाशी पोचताच त्याची सुई गर्रकन वळली.

तिने साहेबांना बोलावले. ते उंबऱ्यावरूनच बोलले.

"पाटी काढायची? अहो, त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचलंत का?"

"साहेब, मागे लोखंड आहे. आपले सगळे आकडे चुकताहेत."

"कितीने?"

"तेवीस."

"मग करा की वजा. एवढा गणिताचा बाऊ कशाला?"

"वजा करून भागत नाही, साहेब. दुपारी भिंत तापली की एकोणतीस होतात, सकाळी अठरा. रोजचा घोळ वेगळा."

"मग यंत्र बिघडलंय म्हणून लिहा. किती वर्षांचं आहे ते? आजोबाच की!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला पाय तीन आहेत, मित्रांनो. त्या दिवशी तिन्ही तळपायांची आग मस्तकात गेली. मी बिघडलो? मी तर पाटीमागचे लोखंडसुद्धा अचूक मोजत होतो!

साहेबांनी लेखी हुकूम काढला: तेवीस वजा करून पाठवत जा. आणि पुतणीने ऐकले. खरे सांगतो, मी तिच्यावरही रागावलो. माझी काच पुसताना ती पुटपुटायची, "काय करू मी? दूरवर बदली करीन म्हणतात. काका अंथरुणाला खिळलेत, त्यांना कुणाच्या भरवशावर सोडू? रोज संध्याकाळी विचारतात, आज किती? मी तो खोटाच आकडा सांगते आणि ते मान डोलावतात." माझे बोलणे तिला ऐकू गेले असते तर मी तिला झापले असते. अकरा महिने असे गेले.

त्यातल्या सातव्या महिन्यात सूर्यावर मोठा स्फोट झाला. पृथ्वीवर आले ते चुंबकीय वादळ मी माझ्या आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे. सगळे देश मोजत होते. मीही थरथरत होतो. पण पाटीमागचे लोखंडही त्या वादळात रंग बदलत होते. माझ्या थरथरीत वादळ किती आणि पाटी किती, हे कुणाला सांगता येईना. ज्यासाठी मला घडवले तो दिवस आला आणि वाया गेला.

मग केंद्राचे पत्र आले. तुमचे आकडे आजूबाजूच्या कुणाशीच जुळत नाहीत. तपासणीसाठी फिरते यंत्र घेऊन माणूस येत आहे. माणूस म्हणजे एक बाई, आणि आली ती नेमकी त्याच शेजारच्या देशातून. सीमेवर तिची पेटी उघडून तिला दोन दिवस बसवून ठेवले होते. मोजणीघराशी येताच कुणी न सांगता तिने पट्टा, पिना, घड्याळ काढून बाकावर ठेवले. मला ती तिथेच आवडली.

तिने आपले यंत्र माझ्या शेजारच्या खांबावर चढवले. तेही तेवीसने चुकले. अंगणात नेले, तर बरोबर. ती पाटीकडे बघत राहिली, मग पुतणीकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"अकरा महिने," पुतणी म्हणाली. "साहेबांचा हुकूम होता."

पाहुणीचा आवाज चढला. "अगं, आमचे आकडे तुमच्याशी जुळेनात तेव्हा आम्ही काय केलं माहितेय? इथले आकडे चुकत नाहीत म्हणून आम्ही आमचेच बदलले! सात महिने! आमचं यंत्र खोलून पुन्हा जोडलं."

पुतणी मटकन खाली बसली. पाहुणी येरझारा घालत राहिली. मग तिच्याजवळ येऊन बसली.

"आमच्याकडे झाडाभोवती लोखंडी कठडा बांधला होता," ती म्हणाली. "चार वर्षं कुणी बोललं नाही. शेवटी चारही वर्षं रद्द केली."

"मग?"

"मग काय? वेधशाळा चार वर्षांनी तरुण झाली."

पुतणी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

इतक्यात साहेब दारात आले, हातात टाइप केलेला कागद घेऊन. यंत्र सदोष आहे, मोडीत काढावे, नोंदी बंद कराव्यात. खाली दोघींच्या सहीची जागा. पुतणीने कागद वाचला, घडी करून परत दिला. मग कपाटातून काकांचा पितळी पेचकस काढला आणि पाटीचा पहिला स्क्रू फिरवला.

"अहो, काय करताय? थांबा!" साहेब धावत आत शिरले, बूट, बक्कल, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. आयुष्यात पहिल्यांदाच आत आले. मी जो वळलो!

पाहुणी दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली, "साहेब, मागे व्हा. तुमचा एकट्याचाच फरक साठ आहे."

साहेब खरोखरच मागे सरले. आठवा स्क्रू निघाला. दोघींनी पाटी उचलून अंगणात नेली, आणि माझा चुंबक सावकाश आपल्या जागी आला.

त्याच दुपारी पुतणीने केंद्राला आणि सगळ्या देशांना पत्र लिहिले: आमचे हे अकरा महिने वापरू नका, चूक आमची आहे, ती लपवलीही आम्हीच. संध्याकाळी तिने काकांनाही सांगितले. काका भिंतीकडे तोंड करून पडले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "आज किती?" हे सांगताना तिने माझी काच इतकी घासली की मला भीती वाटली.

तुम्हाला वाटेल, चला, गोड झाले. काही गोड झाले नाही. पुतणीला मालमत्तेच्या नुकसानीबद्दल लेखी ठपका मिळाला. साहेबांना बढती मिळाली आणि ती पाटी त्यांच्या नव्या कार्यालयात झळकते आहे. आणि त्या वर्षीचे जगभराच्या नोंदींचे पुस्तक आले, तेव्हा पुतणीने ते माझ्यासमोर उघडले. वादळाच्या दिवसापुढे प्रत्येक देशाचे आकडे होते. आमच्या नावापुढे कोरी जागा.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या साहेब होतील. पाट्या लावाल, भाषणे कराल. खुशाल करा. मला तेलपाणी नको, गौरवही नको. फक्त भिंतीला पहिले भोक पाडण्याआधी त्या खोलीत रोज काम करणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "इथे लावू का?" तीन शब्द लागतात. ते तीन शब्द कुणी उच्चारले नाहीत, म्हणून त्या वादळात तुमच्या डोक्यावरच्या आभाळाचे काय झाले, हे आता कुणालाही, कधीही कळणार नाही.