बिनरंगाचा चेहरा

नाटक कंपनीत सगळे तिला रंगूताई म्हणत, कारण माणसं रंगवणं हाच तिचा धंदा होता. साठीच्या नायकाला ती रोज संध्याकाळी तिशीत आणून सोडायची आणि खेळ संपला की ओल्या बोळ्यानं पुन्हा साठीत. नायक बाहेर आपल्या तारुण्याचं श्रेय व्यायामाला द्यायचा आणि रंगूताई गालातल्या गालात हसायची.

तिचं स्वतःचं दुखणं मात्र बोळ्यानं पुसून जाणारं नव्हतं. शरीराच्या रखवालीला ठेवलेली फौजच तिच्यावर उलटली होती. सांधे धरायचे, अंगातलं त्राण जायचं, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर तांबडे चट्टे उठायचे. आधीच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन हे प्रकरण कसंबसं ताब्यात ठेवलं होतं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हुशार होत्या, मन लावून तपासायच्या, पण डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच विश्वास ठेवायच्या.

आणि दिसणार काय, कपाळ? रंगूताई उघड्या चेहऱ्यानं दूध आणायलाही जात नसे. दवाखान्यात जायचं तर ती ठेवणीतले रंग काढायची आणि चट्टे साफ गडप करायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "चेहऱ्यावर काही नाही, रक्ताचे रिपोर्टही ठीक आहेत. छान दिसताय की." आपल्या कामाची वाहवा झाल्यासारखी खुश होऊन रंगूताई "थँक्यू" म्हणायची आणि कण्हत घरी यायची.

शेवटी ते अंगाशी आलं. "पुढच्या वेळी गोळ्या निम्म्यावर आणू," असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं. इकडे तिच्या बोटांत ब्रश ठरत नव्हता. नुकतीच नायकाची एक भुवई कपाळाच्या दिशेनं निघून गेली होती आणि ऐन दुःखाच्या प्रवेशात प्रेक्षक खो खो हसले होते. गोळ्या निम्म्या झाल्या तर हात जातील आणि हात गेले तर काम जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ती मनातून फार घाबरली होती.

"तू दुखणं दाखवायला जातेस की लपवायला?" नवऱ्यानं विचारलं. तो तसा साधा माणूस, पण अधूनमधून नेमकं बोलून जायचा आणि मग स्वतःच दचकायचा.

नायकानं वेगळाच सल्ला दिला. त्यानं तिला कण्हण्याचे प्रकार करून दाखवले. त्यातल्या शेवटच्यात भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरायचं होतं.

"पण मग मला उठवणार कोण?" रंगूताईनं विचारलं.

"पडदा पडतो ना," नायक म्हणाला.

तिनं नवऱ्याचं ऐकलं. ठरल्या दिवशी नुसतं पाणी मारलेल्या तोंडानं ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. वाटेत तिला इतकी लाज वाटत होती की ओळखीचं कोणी दिसलं की ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागायची.

तिला पाहून डॉक्टरीणबाई चपापल्या. "हे कधी उठलं?"

"कधीपासूनच आहे. मी झाकून येत होते."

"एवढं झाकता येतं?"

इथे नवऱ्याला राहवलं नाही. बायकोचं कौतुक करायची संधी तो कधी सोडत नसे. "अहो, झाकायचं काय घेऊन बसलात? परवा हिनं एका नटाच्या हातावर भाजल्याचे फोड रंगवले, तर त्याची आईच रडायला लागली. कुठला रोग पाहिजे तो सांगा, हुबेहूब काढून देईल."

रंगूताईनं टेबलाखालून त्याला पाय मारला, पण कळ तिच्याच गुडघ्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांची नजर तिच्या गालांवरून हळूहळू फिरली.

"ताई, गोळ्या कमी करायची भीती वाटते, हे मी समजू शकते. पण..." पुढचं त्यांनी भिडेखातर गिळलं.

रंगूताईची कानशिलं तापली. एरवी ती हसून उठली असती. आज तिला मनापासून राग आला.

"पुसा," ती म्हणाली.

"काय?"

"बोळा घ्या आणि पुसून बघा. मी नाही पुसणार, नाहीतर म्हणाल त्यातही हातचलाखी केली."

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा भिजवला. आधी हलकेच पुसलं, मग जरा जोर लावला. रंगूताईला सवयीनं गप्प बसवेना. "नाकपुडीच्या कडेला बघा, रंग तिथं अडकतो. आणि केसांच्या मुळाशी." त्यांनी तिथंही पुसलं. बोळा पांढराच्या पांढरा राहिला. चट्टे मात्र घासून आणखी लाल झाले. डॉक्टरीणबाईंचेही गाल लाल झाले, आणि त्यात रंगूताईचा हात नव्हता.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "दुखलं का?"

"नाही हो, छे," हे अगदी जिभेवर आलं होतं. रंगूताईनं ते परत आत ढकललं.

"हो, दुखलं," ती म्हणाली. "बोटंही दुखतात. सकाळी मला माझे केस बांधता येत नाहीत." एवढं बोलून तिला रडू आलं, आणि पुसला जाईल असा रंग चेहऱ्यावर नसल्यामुळे तिनं ते येऊ दिलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "गोळ्या आहेत तशाच राहू देत. आता मला सुरुवातीपासून सांगा."

नवऱ्यानं लगेच तोंड उघडलं.

"तुम्ही बाहेर बसा," रंगूताई म्हणाली, आणि सांगायला लागली.