दिवसातून एकदाच जेवण

तेलगावात दारापुढं पांढरी गाडी थांबली, तेव्हाच वच्छलाबाईंनी ओळखलं, दिरानं पाठवलेली बाई पुन्हा आली. दीर शिवशंकर पुण्याला असतो. आईची, म्हणजे कडूबाईंची, देखरेख त्यानं एका कंपनीकडं सोपवली होती. कंपनीची सायली महिन्यातून एकदा यायची, रक्तदाब बघायची, प्रश्न विचारून अहवाल धाडायची.

आज ती बसलीसुद्धा नाही. "ताई, आजी दिवसातून एकदाच जेवतात, असं मागच्या अहवालात आलंय. सर त्यांना शनिवारी आमच्या पुण्याच्या वृद्ध-देखभाल केंद्रात हलवणार आहेत."

वच्छलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सासूशी त्यांचं सव्वीस वर्षांत एक दिवस पटलं नव्हतं. म्हातारी नुसती पुण्याला गेली असती, तर त्या सुटल्या असत्या. पण सासूला उपाशी ठेवलं, हा डाग घेऊन गावात तोंड कसं दाखवायचं?

"एकदाच कोण म्हणलं?"

"आजीच म्हणाल्या."

वच्छलाबाई सासूकडं वळल्या. "आत्या, एकदाच जेवता व्हय तुमी?"

"मग? रातीचंच तर जेवण," कडूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"अन् सकाळी?"

"सकाळी न्याहारी."

"दुपारी?"

"दुपारी भाकर खाते की. त्याला जेवण म्हणत्यात व्हय?"

सायलीचा चेहरा उतरला. तिनं लगेच शिवशंकरला फोन लावला, स्पीकर सुरू केला. "सर, माझीच समजण्यात चूक झाली. अहवाल बदलून देते."

"वहिनीनं पढवलंय आईला," तो फोनमधून कडाडला. "अन् आता बदलून काय उपयोग? भावकीच्या ग्रुपवर टाकलाय मी." फोन बंद.

वच्छलाबाईंनी आपला मोबाईल काढला, भावकीचा ग्रुप उघडला आणि बटण दाबून सासूच्या तोंडापुढं धरला. "बोला. ऐकू द्या सगळ्यांला."

"शिवशंकर, मी कुठंबी येत न्हाई," म्हातारी ओरडली. "वच्छला लई वाईट हाय. जिभेला इंगळी बांधलीय तिनं. पर उपाशी ठेवत न्हाई."

वच्छलाबाईंनी बोट उचललं. आवाज ग्रुपवर गेला.

"वाईट कावून म्हणलात?"

"नुसतं गोड बोलले असते, तर तूच पढवलंय म्हणले असते समदे." कडूबाईंनी कूस बदलून पाठ केली. "अन् तशी हाईसच तू."