फोन उचल, सुमेधा

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो, बटणांचा, तारेचा. कोपर स्टेशनजवळच्या एका तीनमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बैठकीतल्या स्टुलावर माझा मुक्काम आहे.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले आणि खोक्यात बसून मी गुरुदत्त आणि सुमेधाबाईंच्या घरी आलो. गुरुदत्त एमआयडीसीतल्या रंगांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते, सुमेधाबाई शाळेत गणित शिकवत. अख्ख्या इमारतीत तेव्हा मी एकटाच. त्यामुळे सगळ्यांनी माझा नंबर 'पीपी' म्हणून नातेवाइकांना देऊन ठेवलेला. मी वाजलो की सुमेधाबाई गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना हाक मारायच्या. बारशापासून परीक्षेच्या निकालापर्यंत सगळं आधी मला कळायचं. "या फोनमुळे घर भरल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणायच्या.

मग मोबाइल आले. शेजारी घरं भाड्याने देऊन गेले. माझ्यावर धूळ बसू लागली. मला काढलं नाही ते केवळ सुमेधाबाईंना मोबाइल जमेना म्हणून.

पुढे त्यांना बरंच काही जमेना. माजिवड्याला राहणाऱ्या लेकीला, क्षिप्राला, त्या एकाच सकाळी चार वेळा फोन करून विचारत, आज भाजी काय करू? मग त्यांनी मला हात लावणंच सोडलं. एकदा त्या जिना उतरून रस्त्यावर गेल्या, तेव्हापासून गुरुदत्त दाराला आतून कुलूप घालू लागले. एकोणऐंशी वर्षांचे ते, पण बायकोला अंघोळ घालणं, भरवणं, वेणी घालणं, सगळं एकटेच करत.

क्षिप्रा रोज संध्याकाळी सातला फोन करायची. आई कशी आहे? ठीक आहे. बोलायला दे. आत्ताच झोपलीय. सुमेधाबाई तर माझ्यापासून दोन हातांवर भिंतीकडे बघत बसलेल्या असत. डॉक्टरांनीही सांगितलेलं, दिवसभराची बाई ठेवा म्हणून. क्षिप्राने विषय काढला की गुरुदत्त म्हणत, तिला परक्या हाताची सवय नाही, मी आहे ना. ते खोटं रोज माझ्याच तारेतून जायचं. दोनदा त्यांनी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या संस्थेचा नंबर लावला आणि पलीकडून "बोला" ऐकू येताच रिसिव्हर ठेवून दिला.

मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन येताना माझ्यासमोरच गुरुदत्तांचा पाय घसरला. उठता येईना. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

"फोन उचल, सुमेधा," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

त्या आल्या, गुरुदत्तांच्या डोक्याखाली उशी ठेवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. गुरुदत्तांनी दहा वेळा तरी सांगितलं. मग त्यांचा आवाज बसला. मित्रांनो, मला कुणाला तरी हाक मारायची होती. पण कुणी हात लावल्याशिवाय मी कुणालाच हाक मारू शकत नाही. ती दुपार मी नुसती पाहिली.

सातला मी वाजलो. बंद झालो, पुन्हा वाजलो. किती वेळा कोण जाणे. शेवटी सुमेधाबाईंनी मला उचललं.

"आई? बाबा कुठेयत?"

"इथे एक गृहस्थ जमिनीवर झोपलेत," सुमेधाबाई अदबीने म्हणाल्या. "त्यांना पाणी हवंय. पण हे घर माझं नाही हो, भांडी कुठे ठेवलीत मला ठाऊक नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला.

क्षिप्राने खालच्या मजल्यावर फोन केला असावा, कारण थोड्याच वेळात शेजाऱ्यांनी दार फोडलं. गुरुदत्तांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन ते वॉकर घेऊन घरी आले, तेव्हा क्षिप्रा त्यांच्याजवळ बसली. ती रागावली नाही. म्हणाली, "मी रोज विचारायचे बाबा, आणि रोज खरं मानायचे. तेच सोयीचं होतं मला."

"बाई ठेवली म्हणजे तिला टाकल्यासारखं होईल, असं वाटायचं," गुरुदत्त म्हणाले. मग त्यांनी स्वतःच मला उचललं, तोच नंबर लावला आणि या वेळी पलीकडच्या माणसाला सगळं खरं सांगितलं.

आता शीलाताई सकाळी आठ ते रात्री आठ असतात. पहिले तीन दिवस सुमेधाबाईंनी त्यांना केसांना हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी लावू दिला. त्या सकाळी गुरुदत्त गॅलरीत बसून होते. हातांना काही काम नव्हतं आणि डोळे भरून येत होते.

मित्रांनो, घरात कुणी म्हातारं असेल तर 'सगळं ठीक ना?' एवढंच विचारून फोन ठेवू नका. जाऊन बघा. सांभाळणाऱ्याचे हात थकलेत का, तेही बघा. कुणीतरी पडायची वाट बघू नका.

क्षिप्रा आता बुधवारी आणि रविवारी स्वतः येते, म्हणून मी फारसा वाजत नाही. याचं मला वाईट वाटत नाही, असं म्हणालो तर तेही खोटंच होईल.