काडीचा संबंध

छत्र्यांच्या कारखान्यात कापड कापणारे कटर मास्तर आणि तिथेच काड्या बसवणारे त्यांचे थोरले भाऊ यांचा नऊ वर्षं एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता, असं सगळे म्हणायचे. सगळे चुकत होते. संबंध होता, आणि तो बरोबर एका काडीचाच होता.

त्याचं असं होतं. कापडखात्यात काडेपेटी न्यायला सक्त बंदी. दारावरचा पहारेकरी खिसे चाचपून बघायचा. सिगारेटचं अख्खं पाकीट असलं तरी चालेल, पण पेटवायचं काही आत जाता कामा नये. दादांच्या खात्यात सगळं लोखंड, तिथे काडेपेटीला कोण विचारतो! ओढायची ती गच्चीवर. दादांच्या खात्याची सुट्टी साडेदहाला आणि कापडखात्याची दहा मिनिटं उशिरा, त्यामुळे दादा खाली उतरायला निघाले की गच्चीच्या दारात मास्तर यायचे. ओठात सिगारेट धरून ते म्हणायचे, "काडी?" दादा पेटी पुढे करायचे. मास्तर एक काडी ओढून सिगारेट पेटवायचे, पेटी परत द्यायचे आणि दादा जिना उतरून जायचे. एवढंच बोलणं, आणि तेही एकट्या मास्तरांचं. पण दोघं कामावर असले की एकही दिवस ते चुकलं नाही. एकदा दादा तापाने चार दिवस घरी होते, तेव्हा गच्चीवर दुसऱ्या छप्पन्न जणांकडे काड्या असूनही मास्तरांनी सिगारेट ओढली नाही.

भांडण झालं होतं आईच्या कपाटावरून. ते दोघांनाही हवं होतं म्हणून झालं असतं तर एक वेळ समजलं असतं. इथे दोघंही ते दुसऱ्याच्या गळ्यात घालत होते. "तू घे." "छे, तूच घे." शेवटी मास्तर म्हणाले, "तसं तुझ्या घरात ते जाणार तरी कसं म्हणा." त्यांना म्हणायचं होतं की जिना अरुंद आहे. दादांना ऐकू आलं की घर लहान आहे. दादा चप्पल घालून निघून गेले, कपाट बहिणीच्या घरी गेलं आणि अबोला दोघांना वाटून मिळाला.

अशी नऊ वर्षं गेली आणि मास्तरांना खोकला लागला. महिना झाला तरी जाईना, तेव्हा बायकोने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान पण जिभेने तिखट होत्या. त्यांनी मास्तरांना एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं. मास्तरांनी सगळा जोर लावला, डोळे बाहेर आले, पण काटा जरासा हलला आणि परत बसला.

"दारू?" बाईंनी विचारलं.

"वर्षातून दोनदा. साडूचं मन मोडवत नाही म्हणून."

"आणि सिगारेट कुणाचं मन मोडवत नाही म्हणून?"

बाईंना गंमत वाटली असेल, पण त्यांनी मास्तरांची नेमकी दुखरी नस दाबली होती.

"तुमचं वय बावन्न," बाई म्हणाल्या, "आणि फुप्फुसांचं सत्तर. आज थांबलात तर श्वास आहे तेवढा तरी टिकेल. नाही थांबलात तर पुढच्या वर्षी जिना चढणं विसरा."

घरी येताना बायको काळजीने कोमेजली होती. मास्तर मात्र हसायला लागले. "अगं, दादा सत्तावन्नचा. म्हणजे फुप्फुसाने मी आता त्याचा थोरला भाऊ झालो!"

"मग थोरल्यासारखं वागा," बायको म्हणाली. "सिगारेट सोडा आणि दादांशी सरळ तोंडाने बोला."

"सोडल्यावर बोलू कसा? बोलणं आहे ते सिगारेटवरच."

"धन्य आहात तुम्ही दोघं भाऊ," असं म्हणून ती आत गेली.

मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही. गच्चीने त्यांना काय काय दिलं होतं! साहेब आणि हमाल एकाच कठड्याला टेकायचे. सूचनाफलकावर आठ दिवसांनी लागणारी बातमी गच्चीवर आधीच शिळी झालेली असायची. पोट दुखेपर्यंत हसणं तिथलंच. पण ते सगळं गेलं असतं तरी त्यांनी सोसलं असतं. एका पारड्यात फुप्फुसं आणि दुसऱ्यात दादा, तिथे मात्र त्यांचं गाडं अडलं. श्वास तर हवाच होता. पण रोज साडेदहानंतर दादाचं तोंडही दिसणार नसेल, तर तो श्वास घेऊन करायचं काय, हे त्यांना कळेना. पहाटे त्यांना एक युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली की माणसाला तिच्यातली भोकं दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर गच्चीच्या दारात आले. ओठात सिगारेट होतीच. "काडी?" दादांनी पेटी दिली. मास्तरांनी वाऱ्याकडे पाठ केली, दोन्ही हातांच्या ओंजळीत काडी पेटवली, सिगारेटपासून चांगली दोन बोटं लांब धरली, विझवली आणि पेटी परत दिली. दादा जिना उतरून गेले. मास्तरांनी कोरी सिगारेट वरच्या खिशात ठेवली. स्वतःवर ते इतके खूश झाले की कापडखात्यात परतल्यावर त्यांनी शिट्टी वाजवत तीन गठ्ठे कापले.

दहा दिवस हे नाटक बिनबोभाट चाललं. पहिले चार दिवस जीव नुसता तळमळला. बायकोवर विनाकारण ओरडून झालं, मग माफी मागून झाली. पण साडेदहानंतरचा तो एक शब्द शाबूत होता. सिगारेटही तीच होती. ओढायचीच नाही तर रोज नवी कशाला, असा मास्तरांचा व्यवहारी विचार. खिशात बसून उठून ती मऊ पडली, मधोमध वाकली आणि एका टोकाने तिची तंबाखू गळायला लागली.

मास्तर विसरले होते ते एवढंच, की दादांनी आयुष्यभर छत्रीच्या काड्या तपासल्या होत्या. हजार सरळ काड्यांतली एक वाकडी त्यांना दहा हातांवरून दिसायची.

अकराव्या दिवशी मास्तरांनी "काडी?" म्हटलं. दादांनी पेटी काढली, पण पुढे केली नाही.

"ही सिगारेट कालही इथेच वाकली होती," दादा म्हणाले.

नऊ वर्षांनी कानावर पडलेला तो आवाज जरा घोगरा झाला होता. मास्तरांच्या तोंडातली सिगारेट खाली पडली.

"परवाही. सोडलीस?"

"सोडली."

"कधी?"

"आज अकरा दिवस."

"मग मेल्या, रोज काडी कशाला मागतोस?"

मास्तरांना थाप मारता आली असती. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. "दुसरं काय मागू, दादा?"

दादांचे कान लाल झाले, मग नाक, मग सगळा चेहरा. आणि मग दादा जे ओरडले, ते खाली कापडखात्यापर्यंत ऐकू गेलं.

"अरे गाढवा! मला सोडून सहा वर्षं झाली!"

"काय?"

"सहा वर्षं! छातीत कळ आली तेव्हाच सोडली. रोज दहा मिनिटं या कठड्याला टेकून दुसऱ्यांचा धूर खातो, कशासाठी? तर आमचे बंधुराज येतील आणि काडी मागतील! तुझी वहिनी रोज संध्याकाळी खिसे तपासते. पेटी सापडते. काड्या मोजते! रोज एक कमी भरते. म्हणजे रोज एक ओढताय, म्हणते. तोंड हुंगते, वास येत नाही, तर म्हणते हल्ली फार हुशार झालात, बडीशेप खाऊन येता. सहा वर्षं न ओढलेल्या सिगारेटची बोलणी खातोय मी, आणि तू इथे वाकड्या सिगारेटीची नाटकं करतोस!"

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? काडी, काडी, काडी! भाऊ आहे मी तुझा, काडेपेटीचं दुकान नाही!"

मास्तरांना आधी हसू आलं की रडू, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसले, दादाही शेजारी बसले, आणि दोघं पोरांसारखे खिदळत डोळे पुसत राहिले. सुट्टी संपल्याची घंटा दोनदा झाली. मुकादम वर डोकावून गेला, दोघांना बघून तसाच परत फिरला.

"आता एक काम कर," दादा म्हणाले. "कारखाना सुटला की घरी चल. तुझ्या वहिनीपुढे माझी साक्ष दे."

वहिनींनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत भावजींचे केस पिकले होते आणि त्यांचेही. मास्तरांनी खाली न बसता, शाळेत धडा म्हणावा तशी सगळी हकिगत सांगितली. दादा मागे छाती पुढे काढून उभे होते.

"म्हणजे सहा वर्षं यांनी एकही ओढली नाही?" वहिनींनी विचारलं.

"एकही नाही."

"आणि मी रोज नाही नाही ते बोलत होते."

"बोलत होतीस," दादा म्हणाले. या क्षणाची त्यांनी फार वाट पाहिली होती.

वहिनींचे डोळे भरून आले, पण आवाज चढाच राहिला. "मग सांगता येत नव्हतं? तोंडाला काय कुलूप होतं? दोन शब्द माझ्याशी आणि दोन यांच्याशी बोलला असता, तर आपल्या तिघांची सहा वर्षं वाचली नसती का?"

छाती पुढे काढलेले दादा हळूहळू मागे सरकले. साक्षीदारानेही मान खाली घातली. वहिनींनी दोघांना तसंच उभं ठेवलं, आत गेल्या, आणि आतून म्हणाल्या, "भावजी, जेवल्याशिवाय गेलात तर याद राखा!"

लवकर जेवण करून दादा त्यांना पोचवायला निघाले तेव्हा अजून उजेड होता. दादा एकसारखे बोलत होते. मुलीची नोकरी, खात्यातलं नवं यंत्र, गुडघा, शेजाऱ्याचा कुत्रा, साठलेलं सगळं एकदम. मास्तर हुंकार देत होते. मग चढ लागला आणि हुंकार थांबले. धाप लागून मास्तरांनी रस्त्याकडेच्या भिंतीला हात टेकला. दादांचं बोलणंही थांबलं.

"फार लागते?"

"चढावर लागते. डॉक्टरीणबाई म्हणतात, गेला तो श्वास सगळा परत यायचा नाही." मास्तरांनी दम घेतला. "दादा, त्या सिगारेटला शिव्या घालू की तिचे उपकार मानू, तेच कळत नाही. ती नसती तर तू नऊ वर्षांपूर्वीच तुटला असतास."

"शिव्या तिला घाल," दादा म्हणाले, "आणि उपकार माझे मान. पेटी मी वाहिलीय."

मास्तर हसले आणि हसता हसता खोकले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत तो तसाच राहू दिला.

"हळू चल," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे?"

पाच मिनिटांच्या त्या चढाला दोघांनी पाऊण तास लावला.